मुंबईचा दुसरा विमानतळ आणि विमान कंपन्या : जुहू ते उलवे (१९२८–२०२५)

सारांश

एखाद्या शहरात दुसरा विमानतळ उभा राहिला की विमान कंपन्या तेथे आपोआप येतात, असा सर्वसाधारण समज आहे. मुंबईच्या नागरी हवाई वाहतुकीचा सुमारे शंभर वर्षांचा इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. जुहूहून सांताक्रूझला झालेले स्थलांतर आणि सांताक्रूझहून नवी मुंबईकडे सुरू झालेली विभागणी या दोन मूलतः भिन्न घटना आहेत. पहिल्या घटनेत जुने ठिकाण निरुपयोगी झाले होते. दुसऱ्या घटनेत ते पूर्ण क्षमतेने चालू आहे. दुसऱ्या विमानतळाचा विचार सुरू झाल्यापासून तो प्रत्यक्षात येईपर्यंतच्या २८ वर्षांत अनेक विमान कंपन्या जन्मल्या आणि लयास गेल्या. प्रस्तुत निबंधात या इतिहासाचा आढावा घेऊन, देशातील व परदेशातील निवडक अनुभवांच्या आधारे नव्या विमानतळाच्या भवितव्याची चिकित्सा केली आहे.

बीजशब्द : नागरी हवाई वाहतूक, मुंबई, नवी मुंबई, सिडको, भूसंपादन, विमान कंपन्या

प्रस्तावना

बंदर, रेल्वे आणि विमानतळ ही आधुनिक शहराची तीन प्रवेशद्वारे होत. पहिल्या दोहोंच्या संदर्भात मुंबईचा इतिहास विपुल प्रमाणात लिहिला गेला आहे. विमानतळाच्या इतिहासाकडे मात्र अभ्यासकांचे तुलनेने कमी लक्ष गेले. २५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि मुंबई महानगर प्रदेशाला दुसरा मोठा व्यापारी विमानतळ मिळाला. या घटनेचे वर्णन बहुधा बांधकामाची भव्यता, खर्च आणि क्षमता यांच्या भाषेत केले जाते. तथापि, विमानतळ चालतो तो इमारतीमुळे नव्हे, तर तेथे विमाने आणणाऱ्या कंपन्यांमुळे. विमान कंपनी विमानतळाशी बांधलेली नसते. तिचे भांडवल चाकांवर आणि पंखांवर असते; ते एका हंगामात दुसरीकडे नेता येते. विमानतळासाठी दिलेली जमीन मात्र परत मिळत नाही. ही विषमता हाच या विषयाचा गाभा आहे.

१. जुहू : पावसाळ्यात बुडणारी धावपट्टी

मुंबईतील नागरी विमानवाहतुकीचा प्रारंभ १९२८ मध्ये जुहू येथे झाला. समुद्रालगतच्या सपाट, खाजण जमिनीवर तयार झालेला हा तळ देशातील पहिल्या नागरी विमानतळांपैकी एक होय. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून निघून अहमदाबादमार्गे टपालाच्या पिशव्यांसह आपले पुस मॉथ विमान जुहू येथे उतरवले. तेथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. भारतीय व्यापारी विमानसेवेचा आरंभबिंदू म्हणून हा दिवस ओळखला जातो. टाटांच्या या सेवेने पहिल्या वर्षात अवघे १५५ प्रवासी आणि सुमारे दहा टन टपाल वाहून नेले. म्हणजे प्रवासी हा त्या काळी विमानसेवेचा आधार नव्हता. टपालाचे कंत्राट हा तिचा आधार होता.

जुहूची मर्यादा पहिल्याच पावसाळ्यात स्पष्ट झाली. पावसाचे चार महिने ही जमीन चिखलात बुडत असे. परिणामी दरवर्षी पावसाळ्यात विमानसेवेचा मुक्काम पुण्यास हलवावा लागे. विमाने, तंत्रज्ञ आणि टपालाची व्यवस्था घाट ओलांडून जात असे आणि पाऊस ओसरल्यावर परत येत असे. पुणे हा एका अर्थाने मुंबईचा पहिला ‘दुसरा विमानतळ’ होता, असे म्हणता येईल. या छोट्याशा घटनेत पुढील इतिहासाचे सूत्र दडलेले आहे. विमान कंपनी जागा बदलते ती जुन्या जागी काम करणे अशक्य झाले म्हणून. नवी जागा आकर्षक आहे म्हणून नव्हे. आणि जुनी जागा पुन्हा वापरण्याजोगी होताच ती परतते.

२. सांताक्रूझ : युद्धाने दिलेला विमानतळ

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाने सांताक्रूझ येथे लष्करी तळ विकसित केला. तेथील धावपट्ट्या पक्क्या आणि जड विमानांना पेलणाऱ्या होत्या. युद्धोत्तर काळात विमानांचा आकार व वजन वाढल्याने जुहूची उपयुक्तता संपुष्टात आली. १९४६ मध्ये टाटा एअरलाइन्सचे रूपांतर एअर-इंडिया या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले. ८ जून १९४८ रोजी एअर-इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो व जिनिव्हामार्गे लंडनला गेले. त्याच वर्षी नागरी वाहतूक जुहूहून सांताक्रूझला हलवण्यात आली. जुहूचा तळ पुढे हेलिकॉप्टर, प्रशिक्षण आणि लहान विमानांपुरता उरला.

हे स्थलांतर यशस्वी होण्यामागे तीन कारणे होती. एक, जुना तळ नव्या विमानांसाठी अपुरा होता. दोन, अंतर अत्यल्प असल्यामुळे प्रवाशांना व कर्मचाऱ्यांना गैरसोय झाली नाही. तीन, नव्या तळाचा मुख्य खर्च युद्धकाळात आधीच झाला होता. विमान कंपन्यांना निवड करावीच लागली नाही.

दोन्ही तळ परस्परांच्या किती निकट होते, याचा प्रत्यय सप्टेंबर १९७२ मध्ये आला. जपान एअरलाइन्सचे एक मोठे जेट विमान सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले आणि धावपट्टी ओलांडून पुढे गेले. शहर तोवर दोन्ही तळांना वेढून बसले होते. १९५८ मध्ये सांताक्रूझला नवी टर्मिनल इमारत मिळाली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी सहार येथे आंतरराष्ट्रीय प्रवाशांसाठी स्वतंत्र टर्मिनल सुरू झाले. इमारतींची संख्या वाढली, धावपट्ट्यांची वाढली नाही. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. कागदावर दोन असलेल्या धावपट्ट्या व्यवहारात एकीचेच काम करतात. सभोवती दाट वस्ती असल्याने समांतर धावपट्टीला जागाही उरली नाही. दुसऱ्या विमानतळाची गरज या भौमितिक अडचणीतून निर्माण झाली.

३. राष्ट्रीयीकरण आणि खुले आकाश

१९५३ च्या कायद्याने देशातील विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत वाहतूक इंडियन एअरलाइन्सकडे व आंतरराष्ट्रीय वाहतूक एअर-इंडियाकडे सोपवण्यात आली. पुढील सुमारे चार दशके विमानसेवेची वाढ शासनाच्या विमानखरेदीच्या गतीने झाली. या काळात विमानतळावरील गर्दी हा प्रश्न असला तरी तो स्पर्धेचा प्रश्न नव्हता. विमान कोणत्या तळावरून उडावे हे ठरवणारी आणि विमान उडवणारी यंत्रणा अखेर एकच होती.

१९९० च्या दशकाच्या आरंभी खासगी कंपन्यांना हवाई टॅक्सीच्या स्वरूपात प्रवेश मिळाला आणि १९९४ मध्ये राष्ट्रीयीकरणाचा कायदा रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा आणि जेट एअरवेज या कंपन्या अल्पावधीत उदयास आल्या. यांपैकी ईस्ट-वेस्ट, दमानिया आणि जेट यांचे मुख्य ठाणे मुंबईच होते. आता धावपट्टीवरील वेळ ही मौल्यवान वस्तू बनली. सकाळी सहा ते नऊ या वेळात दिल्लीस जाणारे विमान आणि दुपारी दोनला जाणारे विमान यांच्या उत्पन्नात मोठा फरक असतो. ज्या कंपनीकडे सकाळची वेळ, म्हणजे व्यवसायाच्या भाषेत ‘स्लॉट’, ती कंपनी श्रीमंत प्रवाशांची धनी. सांताक्रूझचे स्लॉट हा पुढील तीन दशकांच्या कथेचा नायक ठरला.

४. जागेचा शोध आणि जमिनीचा प्रश्न

नागरी उड्डाण मंत्रालयाने १९९७ मध्ये मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठी जागांची पाहणी करण्याकरिता समिती नेमली. अलिबागलगतच्या रेवस-मांडवा परिसराचा पर्याय प्रथम पुढे आला. मात्र मुंबईशी जमिनीवरून जोडणी हा त्याचा दुबळा दुवा होता. त्यानंतर सिडकोने पनवेलजवळील नवी मुंबईतील जागेचा आग्रह धरला. २००७ मध्ये केंद्राने तत्त्वतः मान्यता दिली. कांदळवने, उलवे आणि गाढी या नद्या व उलव्याची टेकडी यांच्यामुळे पर्यावरणीय आक्षेप घेण्यात आले. २२ नोव्हेंबर २०१० रोजी अटींसह पर्यावरणीय मंजुरी मिळाली. गाढी नदीचे पात्र वळवावे लागू नये म्हणून दोन समांतर धावपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटरवरून १,५५५ मीटरपर्यंत कमी करण्यात आले. उलवे नदीचा प्रवाह मात्र वळवावा लागला आणि टेकडी सपाट करावी लागली.

जमिनीचा प्रश्न याहून जुना आणि अधिक वेदनादायक आहे. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. आगरी, कोळी व कराडी समाजांच्या भातशेती, मिठागरे आणि मासेमारीवर उभ्या असलेल्या अर्थव्यवस्थेवर हा आघात होता. शेतकरी कामगार पक्षाचे नेते दिनकर बाळू तथा दि. बा. पाटील यांनी मोबदल्याचा प्रश्न हाती घेतला. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरातील आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला आणि पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. या लढ्यातून संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकास परत देण्याचे तत्त्व प्रस्थापित झाले. विमानतळासाठी विस्थापित होणाऱ्या दहा गावांच्या बाबतीत हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले. चिंचपाडा, कोल्ही, कोपर, तरघर, कोंबडभुजे आदी गावांतील कुटुंबांचे पुष्पकनगर व अन्य ठिकाणी पुनर्वसन झाले.

या मोबदल्याचे स्वरूप बारकाईने पाहणे आवश्यक आहे. रोख रकमेऐवजी विकसित भूखंड स्वीकारणारा शेतकरी प्रकल्पाच्या भवितव्यात एक प्रकारे भागीदार होतो. विमानतळ भरभराटीस आला तर त्याच्या भूखंडाला किंमत. विमाने आली नाहीत तर तो भूखंड केवळ कागद. म्हणून विमान कंपन्या नव्या तळावर येतात की नाही हा केवळ उद्योगाचा प्रश्न राहत नाही. तो दहा गावांच्या उपजीविकेचा प्रश्न बनतो. विमानतळास दि. बा. पाटील यांचे नाव देण्याची मागणी २०२१ मध्ये मानवी साखळी आणि सिडको घेराव यांतून तीव्रपणे पुढे आली आणि २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तसा निर्णय घेतला. त्या मागणीमागे अस्मिता होती, हे खरे. परंतु ज्यांची जमीन गेली त्यांचा हक्क या भूमीवर नोंदवलेला राहावा, हा आग्रहही तिच्यामागे होता.

५. प्रतीक्षेच्या काळातील कंपन्या

२००६ मध्ये मुंबई विमानतळाचे व्यवस्थापन जीव्हीकेच्या नेतृत्वाखालील मुंबई इंटरनॅशनल एअरपोर्ट लिमिटेड या कंपनीकडे गेले. त्या करारान्वये परिसरातील नव्या विमानतळाच्या निविदेत या कंपनीस अग्रहक्क मिळाला. निविदा प्रक्रिया अनेक वर्षे रेंगाळली. फेब्रुवारी २०१७ मध्ये याच कंपनीची १२.६० टक्के महसूल वाट्याची बोली सर्वोच्च ठरली. १८ फेब्रुवारी २०१८ रोजी भूमिपूजन झाले. जुलै २०२१ मध्ये व्यवस्थापन अदानी समूहाकडे गेले. नवी मुंबई विमानतळाच्या कंपनीत सिडकोचा वाटा २६ टक्के राहिला.

या दीर्घ प्रतीक्षेत विमान कंपन्यांचे काय झाले, हे पाहणे उद्‌बोधक ठरते. ईस्ट-वेस्ट व मोदीलुफ्त १९९६ मध्ये बंद पडल्या. दमानियाही त्याच सुमारास नामशेष झाली. सहारा २००७ मध्ये जेटने विकत घेतली. २००३ मध्ये सुरू झालेली आणि सामान्य माणसाला प्रथमच विमानात बसवणारी एअर डेक्कन २००८ मध्ये किंगफिशरमध्ये विलीन झाली. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. पाव शतकाची परंपरा असलेली जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. मुंबईतच मुख्यालय असलेली गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली आणि एअर इंडिया स्वतः जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे परतली.

याउलट, ज्या कंपन्यांनी नवी मुंबईतून प्रारंभीची सेवा दिली त्यांची जन्मवर्षे पाहावीत. एअर इंडिया एक्सप्रेस २००५, इंडिगो २००६, स्टार एअर २०१९ आणि अकासा २०२२. दुसऱ्या विमानतळासाठी समिती नेमली गेली त्या १९९७ साली यांपैकी एकही कंपनी अस्तित्वात नव्हती. ज्यांच्या वाढीचे आडाखे बांधून विमानतळाची गरज मांडली गेली त्या बहुतेक कंपन्या तो उघडण्यापूर्वीच संपल्या. तरीही प्रवाशांची संख्या वाढतच राहिली. २०१८-१९ मध्ये मुंबईतून सुमारे ४.८८ कोटी प्रवाशांनी ये-जा केली. महामारीच्या काळात ही संख्या कोसळली. २०२४-२५ मध्ये ती सुमारे साडेपाच कोटींवर पोहोचली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. शहराची मागणी दीर्घायुषी असते, कंपनी अल्पायुषी. विमानतळाचे नियोजन कंपन्यांच्या घोषणांवर नव्हे, तर शहराच्या मागणीवर आधारलेले असावयास हवे.

६. अन्य शहरांचे अनुभव

दुसऱ्या विमानतळाच्या अपयशाचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण कॅनडातील मॉन्ट्रियलचे आहे. तेथील मिराबेल विमानतळासाठी सुमारे ९७,००० एकर जमीन संपादित करण्यात आली. त्यात मोठ्या प्रमाणावर सुपीक शेती होती. ऑक्टोबर १९७५ मध्ये विमानतळ सुरू झाला. आंतरराष्ट्रीय उड्डाणे मिराबेलला आणि देशांतर्गत उड्डाणे जुन्या दॉर्व्हाल येथे, अशी विभागणी झाली. जुना तळ पुढे बंद होईल असे गृहीत होते. तो बंद झाला नाही. नियोजित जलद रेल्वे झाली नाही. एका विमानातून उतरून दुसरे पकडणाऱ्या प्रवाशाला दोन तळांमध्ये रस्त्याने प्रवास करावा लागे. त्याऐवजी त्याने टोरांटोमार्गे जाणे पसंत केले आणि कंपन्यांनीही तेच केले. लांब पल्ल्याची नवी विमाने आल्याने मॉन्ट्रियलला थांबण्याची गरजही कमी झाली. १९९७ मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणे जुन्या विमानतळावर परतली. ३१ ऑक्टोबर २००४ रोजी मिराबेलची प्रवासी वाहतूक थांबली. मालवाहतूक आणि विमाननिर्मिती उद्योग तेवढा उरला. २०१४ नंतर टर्मिनल इमारतही पाडण्यात आली. जमीन गमावलेल्या शेतकऱ्यांपैकी काहींना ती दशकांनंतर परत मिळाली, परंतु तोवर एक पिढी सरली होती.

टोकियोच्या नारिता विमानतळाचा अनुभव निराळा आहे. शेतकऱ्यांच्या तीव्र प्रतिकारामुळे त्याचे उद्घाटन लांबले आणि मे १९७८ मध्ये तो सुरू झाला. शासनाने आंतरराष्ट्रीय वाहतूक तेथे नेली आणि ती टिकली. कारण जुन्या हानेदा तळाची क्षमता खरोखरच संपली होती आणि जपानची आंतरराष्ट्रीय मागणी प्रचंड होती. तरीही हानेदाची क्षमता वाढताच २०१० मध्ये तेथून नियमित आंतरराष्ट्रीय सेवा पुन्हा सुरू झाली. शहराजवळील तळाची ओढ तीन दशकांनंतरही कायम होती.

भारतात २००८ मध्ये हैदराबाद व बेंगळुरू येथे नवे विमानतळ सुरू झाले. त्या वेळी बेगमपेठ व एचएएल हे जुने तळ नियमित व्यापारी वाहतुकीसाठी बंद करण्यात आले. कंपन्यांना पर्याय उरला नाही. नवे तळ पहिल्या दिवसापासून भरले. ही उदाहरणे दुसऱ्या विमानतळाची नव्हेत, बदली विमानतळाची होत. मुंबईशी त्यांची तुलना करताना हा भेद विसरता कामा नये.

मुंबईस अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. दाबोळीचा तळ नौदलाचा असल्यामुळे नागरी उड्डाणांवर वेळेची बंधने होती. पेडणे तालुक्यातील मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ५ जानेवारी २०२३ रोजी सुरू झाला. दाबोळीही चालूच राहिला. कंपन्यांनी प्रारंभी काही उड्डाणे विभागली. पुढे कतार एअरवेजसारख्या परदेशी कंपनीने २०२४ मध्ये आपली सेवा दाबोळीहून मोपाला हलवली. त्यामुळे दक्षिण गोव्यातील टॅक्सीचालक व हॉटेल व्यावसायिक यांच्यात अस्वस्थता पसरली. एका तळाचा लाभ हा दुसऱ्याच्या परिसराचा तोटा ठरतो, हे येथे स्पष्टपणे दिसले. मोपाच्या उत्तरेस, सिंधुदुर्गातील चिपी येथे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला विमानतळ मात्र कंपन्यांना धरून ठेवू शकला नाही. प्रादेशिक जोडणी योजनेची मुदत संपल्यावर २०२४ मध्ये अलायन्स एअरची मुंबई सेवा थांबली. अनुदानाच्या आधारे आलेली कंपनी अनुदानाबरोबर जाते, हा त्याचा बोध होय.

७. उलव्यातील प्रारंभ

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले. एक धावपट्टी आणि वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता असलेले एक टर्मिनल, असे या टप्प्याचे स्वरूप आहे. सर्व टप्पे पूर्ण झाल्यावर ही क्षमता नऊ कोटींवर नेण्याची योजना आहे. २५ डिसेंबर रोजी सकाळी बेंगळुरूहून आलेले इंडिगोचे विमान प्रथम उतरले आणि काही वेळाने पहिले विमान हैदराबादकडे झेपावले. प्रारंभी सकाळी ८ ते रात्री ८ एवढ्याच वेळात वाहतूक ठेवण्यात आली आणि दररोज २३ उड्डाणांचे नियोजन होते. पन्नास लाखांची नव्हे तर कोटींची भाषा करणाऱ्या प्रकल्पाचा हा प्रारंभ सावध होता. इतिहासाच्या दृष्टीने ही सावधता योग्यच म्हणावी लागेल.

कंपन्यांना नव्या तळाकडे ढकलणारी आणि ओढणारी अशी दोन्ही प्रकारची कारणे दिसतात. सांताक्रूझची कोंडी हे पहिले आणि प्रबळ कारण. २०१८ मध्येच तेथे एका दिवसात एक हजाराहून अधिक उड्डाणे व अवतरणे झाली होती. विलंब वाढल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये गर्दीच्या वेळेतील तासाची मर्यादा ४६ वरून ४४ करण्यात आली. म्हणजे मुंबईत वाढू इच्छिणाऱ्या कंपनीला जुन्या तळावर जागाच नव्हती. अकासासारख्या तरुण कंपनीला सकाळच्या वेळा नव्या तळावरच मिळण्याची शक्यता अधिक होती. दुसरे कारण जोडणीचे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा अटल सेतू खुला झाला आणि नेरुळ-उरण रेल्वेमार्ग उरणपर्यंत पूर्ण झाला. पनवेल, ठाणे, रायगड आणि पुण्याच्या प्रवाशांना उलवे सांताक्रूझपेक्षा सोयीचे आहे. तिसरे कारण इंधनावरील कराचे. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, पुणे व रायगड येथील विमान इंधनावरील मूल्यवर्धित कर २५ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. न्हावाशेवा बंदराचे सान्निध्य मालवाहतुकीस अनुकूल आहे.

प्रतिकूल बाबीही आहेत. सांताक्रूझ व उलवे यांमधील अंतर रस्त्याने सुमारे ३५ ते ४० किलोमीटर. पश्चिम उपनगरांतील प्रवाशाला नवा तळ दूर पडतो. देशांतर्गत विमान एका तळावर आणि आंतरराष्ट्रीय दुसऱ्यावर असल्यास मिराबेलचीच पुनरावृत्ती होण्याचा धोका आहे. प्रारंभिक काळासाठी देशांतर्गत निर्गमनावर प्रत्येक प्रवाशामागे ६२० रुपये आणि आंतरराष्ट्रीय निर्गमनावर १,२२५ रुपये विकास शुल्क ठरवण्यात आले. जुन्या विमानतळाच्या तुलनेत ते अधिक होते. स्वस्त तिकिटावर जगणाऱ्या कंपनीला हा फरक नगण्य नसतो.

एका कंपनीवरील अवलंबन ही आणखी एक चिंतेची बाब. देशांतर्गत प्रवाशांपैकी दोनतृतीयांशाच्या आसपास प्रवासी २०२५ मध्ये इंडिगोने वाहून नेले. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या पंधरवड्यात वैमानिकांच्या कामाच्या तासांविषयीच्या नव्या नियमांची पूर्वतयारी अपुरी पडल्याने या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली. नव्या विमानतळाच्या उद्घाटनाच्या उड्डाणांना तेव्हा तीन आठवडेही उरले नव्हते. ज्या तळाचा सर्वांत मोठा ग्राहक एकच आहे, त्याचे आरोग्य त्या ग्राहकाच्या आरोग्याशी बांधले जाते. जेट आणि किंगफिशर यांचा इतिहास पाहता हा धोका काल्पनिक नाही.

या ठिकाणी मुंबईचे एक वैशिष्ट्य नोंदवले पाहिजे. मॉन्ट्रियलप्रमाणे येथेही दोन्ही तळ एकाच व्यवस्थापनाच्या हाती आहेत. जुन्या तळावरील टर्मिनलची पुनर्बांधणी काढून काही उड्डाणे नव्या तळाकडे वळवणे अशा व्यवस्थापनास शक्य असते. त्यामुळे नवा तळ ओस पडण्याची शक्यता कमी होते. परंतु कोणत्या कंपनीची कोणती उड्डाणे कोठे जातील, याची वाटणी सार्वजनिक नियमांनी होते की खासगी सोयीने, हा प्रश्न अधिक तीव्र होतो. दोन तळांमध्ये स्पर्धा नसेल तर त्यांपैकी एकाची निवड करून शुल्क कमी करून घेण्याची कंपन्यांची शक्तीही उरत नाही. तो भार अखेर प्रवाशावर येतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) मुंबईच्या इतिहासात विमान कंपन्यांनी तळ बदलला तो जुना तळ निरुपयोगी झाल्यामुळे. जुहूहून सांताक्रूझला झालेले स्थलांतर हा नवी मुंबईसाठी पूर्वदाखला ठरू शकत नाही; कारण सांताक्रूझ बंद झालेला नाही.

२) नव्या तळाचे खरे बळ त्याच्या भव्यतेत नसून सांताक्रूझच्या धावपट्ट्यांच्या मर्यादेत आहे. ही मर्यादा भौमितिक असल्यामुळे ती दूर होण्याची शक्यता नाही. या बाबतीत नवी मुंबईची स्थिती मिराबेलपेक्षा नारिताशी अधिक जुळते.

३) देशांतर्गत व आंतरराष्ट्रीय उड्डाणांची सक्तीने ताटातूट करणे घातक ठरते. दोन्ही तळांवर दोन्ही प्रकारची उड्डाणे असणे आणि तळांमध्ये जलद रेल्वे असणे या गोष्टी कंपन्यांच्या दृष्टीने टर्मिनलच्या सौंदर्याहून महत्त्वाच्या आहेत.

४) विमान कंपनीची घोषणा हा नियोजनाचा पाया होऊ शकत नाही. २८ वर्षांच्या प्रतीक्षेत कंपन्यांची एक संपूर्ण पिढी बदलली.

५) साडेबावीस टक्के भूखंडाच्या स्वरूपात मोबदला घेणारे प्रकल्पग्रस्त हे या विमानतळाचे सर्वांत दीर्घकालीन भागधारक आहेत. कंपनी एका हंगामात निघून जाऊ शकते. ते जाऊ शकत नाहीत. उड्डाणांच्या वाटणीचे व शुल्काचे निर्णय घेताना त्यांचे हित विचारात घेतले जाणे न्याय्य ठरेल.

पावसाळ्यात पुण्याला जाणारे टाटांचे विमान आणि पहाटेच्या स्लॉटसाठी उलव्याला येणारे आजचे विमान यांत नव्वदहून अधिक वर्षांचे अंतर आहे, पण तर्क तोच आहे. विमान जेथे उतरणे शक्य व परवडणारे असेल तेथे जाते. त्या शक्यतेची किंमत मात्र ज्यांच्या शेतावर धावपट्टी उभी राहते त्यांनी आधीच चुकती केलेली असते. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळाचे यश मोजताना प्रवाशांच्या कोटींबरोबर ही किंमतही हिशेबात धरली गेली, तरच तो हिशेब पूर्ण होईल.